माळ्यावरून दिवाणखान्यात : नागपूरच्या व्हॉल्व्हची गोष्ट

नागपुरात व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे क्षीण इशारा आधी मोठा करणारा डबा, बाळगायचा तर आधी उन्हाळ्याशी तह करावा लागतो. २३ मे २०१३ रोजी या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दुपारी प्रताप नगरातल्या एखाद्या दिवाणखान्यात कूलर घरघरत असतो आणि लोखंडी चासीवर बसलेले दोन-चार काचेचे व्हॉल्व्ह त्यात आपल्या उष्णतेची भर घालत असतात. प्रत्येकाच्या पोटात लालबुंद हीटर, प्लेटवर अडीचशे-तीनशे व्होल्ट. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरबद्दल जुना ठोकताळा असा की, दहा अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. इंग्लंडातल्या थंड खोलीसाठी आखलेलं सर्किट इथे लवकर म्हातारं होतं ते यामुळे. म्हणून हौशी मंडळी ज्याला ‘अपग्रेड’ म्हणतात, ते नागपुरात बव्हंशी डागडुजीचंच काम असतं. आणि या डागडुजीला शहरात पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे.

प्रताप नगर ही दक्षिण-पश्चिम नागपुरातली वस्ती महाल, इतवारी या जुन्या भागांच्या मानाने अगदीच अलीकडची. व्हॉल्व्हच्या रेडिओचा भर जुन्या शहरात आणि सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत होऊन गेला. शहर या बाजूला पसरलं तेव्हा जुन्या घरातून नव्या घरात जे सामान आलं, त्यात कुठे कुठे तो लाकडी पेटारा होता. चालू स्थितीत कमी, ‘टाकवत नाही’ म्हणून जास्त. नव्या घरात त्याला जागा मिळाली ती माळ्यावर. आजच्या हौशी माणसाचा बराचसा कच्चा माल तिथूनच खाली उतरलेला आहे.

व्हॉल्व्ह मुळात ध्वनीसाठी जन्मलेला नव्हता. जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये इंग्लंडात बनवलेली दोन इलेक्ट्रोडची नळी वीज एकाच दिशेने जाऊ देई, रेडिओ लहरी हेरण्यापुरती. दोनच वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरा भाग घातला, तारेची जाळी, म्हणजे ग्रिड. तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या वाटेत ही जाळी उभी असते. तिच्यावरचा विद्युतदाब किंचित बदलला की प्लेटचा प्रवाह मोठ्या प्रमाणात बदलतो. क्षीण इशाऱ्याचं मोठं रूप तयार होतं ते असं. पुढची पन्नास वर्षं रेडिओ, टेलिफोन, बोलपट आणि सभेचा भोंगा या एकाच युक्तीवर चालले.

मुंबईला ही युक्ती लवकर पोहोचली. १९२०च्या दशकात तिथल्या हौशी मंडळींनी रेडिओ क्लब काढून छोटी प्रक्षेपणं केली आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. कंपनी तीन वर्षांत बुडाली. सरकारने कारभार हाती घेतला आणि जून १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. नागपूर मात्र या साऱ्यापासून सुमारे ७०० किलोमीटर दूर. मध्यम लहरी दिवसा इतका पल्ला नीट गाठत नाहीत. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून दूरवर येतात. त्यामुळे नागपूरकरांचं रेडिओ ऐकणं बराच काळ रात्रीचं राहिलं. जोडीला शॉर्टवेव्ह. गच्चीवर दोन बांबूंमध्ये ताणलेला तांब्याचा एरियल, जमिनीत अर्थिंगची सळई, भिंतीवर परवान्याचं पुस्तक. १९३३च्या कायद्यानुसार घरच्या रेडिओलाही परवाना लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. ही पद्धत १९८०च्या दशकापर्यंत टिकली, हे आजच्या पोरांना सांगूनही पटत नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात आकाशवाणीची केंद्रं होती सहा, आणि ती पोहोचत होती अवघ्या ११ टक्के लोकांपर्यंत. नवी केंद्रं काढण्याची घाई सुरू झाली त्यात नागपूरचा नंबर लवकर लागला. शहर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होतं. १९४८ मध्ये नागपूर केंद्र सुरू झालं आणि दिवसाउजेडी, खरखरीविना, आपल्या बोलीतला आवाज घरात येऊ लागला. रेडिओच्या धंद्यासाठी या घटनेचं मोल फार. दूरचं केंद्र पकडायला सहा-सात व्हॉल्व्हचा महागडा सेट लागे. जवळच्या केंद्राला चार-पाच व्हॉल्व्हचा साधा सेटही पुरे होता.

घराबाहेर मात्र व्हॉल्व्हचा आवाज आधीच घुमत होता. काँग्रेसच्या सभांची जुनी छायाचित्रं पाहिली तर पुढाऱ्याच्या तोंडासमोर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी असलेला मायक्रोफोन वारंवार दिसतो. ही मोटवाने कुटुंबाची मुंबईतली कंपनी. नावात शिकागो असलं तरी घराणं सिंधचं. नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवण्याचं व्रतच घेतलं होतं. १९४२च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तो ऑगस्टच्या अखेरीपासून १२ नोव्हेंबरच्या पोलिसी धाडीपर्यंत. त्या खटल्यातही सामग्री पुरवल्याचा आरोप मोटवाने यांच्यावर होता. ते निर्दोष सुटले.

नागपूरचा सर्वांत मोठा सभेचा प्रसंग १४ ऑक्टोबर १९५६चा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या समुदायासह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ते मैदान प्रताप नगरापासून फार लांब नाही. त्या काळी सभेचे अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे व्हॉल्व्हचेच अ‍ॅम्प्लिफायर. मायक्रोफोनमधून निघणारा इशारा काही हजारांश व्होल्टचा. त्याला आधी लहान व्हॉल्व्हच्या पायरीवर मोठं करायचं, मग जाड आउटपुट व्हॉल्व्हच्या हवाली करून भोंग्यांपर्यंत न्यायचं. घरच्या हाय-फायमध्ये प्रीअ‍ॅम्प जे करतो, तेच काम तिथे उघड्या मैदानावर, धुळीत चाललेलं असे. पुढे गणेशमंडळांना आणि लग्नाच्या मांडवांना भाड्याने अ‍ॅम्प्लिफायर देणारे लाउडस्पीकरवाले गावोगावी झाले. ‘८०७’ हा त्यांचा आवडता व्हॉल्व्ह. दुसऱ्या महायुद्धात लष्करी यंत्रांसाठी प्रचंड संख्येने बनलेला आणि युद्ध संपल्यावर डिस्पोजलच्या मालातून बाजारात उतरलेला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशा मालाची चलती होती. लष्कराने टाकलेलं लाउडस्पीकरवाल्याने उचललं. हा क्रम पुढेही चालत राहिला आहे.

१९५०चं दशक म्हणजे व्हॉल्व्ह सेटचं ऐन भराचं दशक. ठाण्यात मर्फीचा कारखाना, पुण्याजवळ लोणी काळभोरला फिलिप्सचा, मुंबईत नॅशनल एको आणि बुश. मर्फीच्या जाहिरातीतलं तोंडावर बोट ठेवलेलं बाळ घराघरांत पोचलं. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार केलं आणि श्रोते रेडिओ सिलोनच्या शॉर्टवेव्हकडे वळले. १९५२च्या डिसेंबरात सुरू झालेल्या बिनाका गीतमालेने त्यांना तिथे धरून ठेवलं. ऑक्टोबर १९५७ मध्ये सिनेगीतांना जागा देणारी विविध भारती काढून आकाशवाणीने माघार घेतली. या भांडणात फायदा झाला तो शॉर्टवेव्ह बँड असलेल्या सेटच्या विक्रेत्यांचा! इकडे १ एप्रिल १९५५पासून वर्षभर पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ लागे, तेव्हा रेडिओ मिनिटभर आधी लावावाच लागे. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय बोलत नाही. आधी डायलचा दिवा, मग हलकी गुणगुण, मग माडगूळकरांचे शब्द आणि फडक्यांचे सूर.

तापणारी वस्तू बिघडते, आणि बिघडणाऱ्या वस्तूभोवती कारागीर उभा राहतो. रेडिओ मेकॅनिकचं दुकान म्हणजे एक टेबल, एक मीटर, सोल्डरचा लोखंडी दांडा आणि भिंतीला लागून खोक्यांची रास. त्याची भाषा व्हॉल्व्हच्या नावांची. युरोपीय पद्धतीत या नावांना व्याकरण असतं. पहिलं अक्षर हीटरचं: ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे १०० मिलिअँपिअरच्या साखळीत लावायचा, ट्रान्सफॉर्मरविना सेटसाठीचा. डी म्हणजे बॅटरीवरचा. पुढची अक्षरं पोटातल्या रचनेची, त्यानंतरच्या संख्येतला पहिला आकडा तळाच्या पिनांचा. वीज नसलेल्या खेड्यातून डीके ९६, डीएफ ९६ अशी मालिका असलेला सेट आला की मेकॅनिक न उघडताच सांगे, बॅटरी पॅक संपला असणार. १९५६ मध्ये पुणे परिसरातल्या पाच जिल्ह्यांत युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला, दीडशेच्या आसपास गावांत. अशा सार्वजनिक सेटचं पुढे काय व्हायचं हे बरंचसं जवळच्या मेकॅनिकवर अवलंबून होतं.

त्याच्या हाताला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: दहा तक्रारींत व्हॉल्व्ह गेलेला फार क्वचित. बहुतेकदा मेणकागदाचा कपलिंग कंडेन्सर गळका झालेला असे. हा कंडेन्सर दोन व्हॉल्व्हांच्या मधला चौकीदार. आवाजाचा इशारा पुढे सोडायचा, आधीच्या प्लेटवरचा मोठा डीसी दाब मात्र अडवायचा. तो गळू लागला की पुढच्या ग्रिडवर नको तो दाब येतो, आवाज फाटतो, आउटपुट व्हॉल्व्ह भाजतो. गिऱ्हाईक व्हॉल्व्ह बदला म्हणे. जाणता मेकॅनिक काही आण्यांचा कंडेन्सर बदले. हे तारतम्य आजच्या महागड्या शौकात हरवत चाललं आहे.

तोवर व्हॉल्व्ह परदेशी होते. मुलार्ड, फिलिप्स, आरसीए. परकीय चलनाची टंचाई वाढली तसे ते दुर्मिळ झाले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बीईएलने, १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. १९५४ मध्ये स्थापन झालेली ही संरक्षण खात्याची कंपनी. घरातल्या रेडिओत तिचं नाव दिसणं हीच एक गंमत. त्याहून मोठी गंमत अशी की पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, तिने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर करायला घेतले. व्हॉल्व्हचा कारखाना नुकता सुरू झालेला आणि शेजारी त्याचाच वारस जन्माला आलेला. तरी या उशिरा आलेल्या कारखान्याने देशभरच्या मेकॅनिकांची खोकी पुढची कितीतरी वर्षं भरली. आज जुन्या मालात ‘बीईएल इंडिया’ छापलेले ईसीसी ८३ निघतात ते तेव्हाचे.

हा ईसीसी ८३ म्हणजे प्रीअ‍ॅम्पचा नायक. अमेरिकेत त्यालाच १२एएक्स७ म्हणतात. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात आरसीएने आणला. बोटाएवढ्या काचेत दोन ट्रायोड, वर्धनांक १००. त्याच सुमारास इंग्लंडात घरगुती ध्वनीची एक चळवळच उभी राहत होती. डी. टी. एन. विल्यमसन यांचा अ‍ॅम्प्लिफायर १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात छापून आला आणि जगभरच्या हौशींनी तो घरी बांधला. लीक, क्वाड या कंपन्या नावारूपाला आल्या. मुलार्डने व्हॉल्व्ह खपावेत म्हणून पूर्ण सर्किटंच फुकट वाटल्यासारखी प्रसिद्ध केली. त्यांचा ‘पाच-दहा’, म्हणजे पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, भारतातल्या मेकॅनिकांनाही पाठ होता. अमेरिकेत १९५८च्या सुमारास आलेला मॅरांट्झचा सातव्या क्रमांकाचा प्रीअ‍ॅम्प आजही नमुना मानला जातो.

मग भारतीय घरात वेगळा प्रीअ‍ॅम्प का आला नाही? कारण साधं आहे: गरज नव्हती. इथल्या व्हॉल्व्ह रेडिओच्या पाठीमागे ‘पी.यू.’ लिहिलेली दोन भोकं असत. रेकॉर्ड प्लेअरची तार तिथे खुपसली की रेडिओच अ‍ॅम्प्लिफायर होई. आपल्याकडच्या प्लेअरची सुई क्रिस्टल किंवा सिरॅमिक जातीची. ती शेकडो मिलिव्होल्ट देते, वाढवून घ्यायची फारशी गरज नाही. चुंबकी कार्ट्रिज मात्र जेमतेम पाच मिलिव्होल्ट देतं. त्याला मधल्या सुरांवरच शंभरपट मोठं करावं लागतं. शिवाय एलपी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो. १९५४ मध्ये ठरलेल्या आरआयएए प्रमाणानुसार प्रीअ‍ॅम्पने तो परत उचलायचा. ५० हर्ट्झपाशी मधल्या सुरांच्या तुलनेत सुमारे सातपट. आणि ५० हर्ट्झ म्हणजे नेमकी आपल्या विजेची वारंवारता! खर्ज उचलताना विजेची गुणगुणही तितकीच उचलली जाते. चांगला फोनो, म्हणजे रेकॉर्डसाठीचा, प्रीअ‍ॅम्प बनवणं अवघड ते यामुळेच.

आयातीवरच्या निर्बंधांमुळे चुंबकी कार्ट्रिज, आणि त्यामुळे प्रीअ‍ॅम्प, ही मूठभर लोकांची चैन राहिली. परदेशातून कुणी नातेवाईक टर्नटेबल घेऊन आला तर मेकॅनिक जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर काढून, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला भोकं पाडून, मासिकातलं सर्किट उभं करून देई. अशा डब्यावर कंपनीचं नाव नसे.

ट्रान्झिस्टरने हे सारं झपाट्याने आवरलं. हातात मावणारा, सेलवर चालणारा, लावला की बोलणारा सेट मिळू लागल्यावर कोण पेटारा तापायची वाट पाहील? १९७०च्या दशकात व्हॉल्व्ह सेट माळ्यावर गेले किंवा कबाडीकडे. कबाडीला त्यात तांब्याचा भाव दिसे. काच तो फोडून टाकी. त्या दशकभरात किती मुलार्ड फुटले असतील, या विचाराने आजचा संग्राहक व्याकूळ होतो.

पण नागपूर व्हॉल्व्हला पूर्ण सोडून गेलं असं कधी झालं नाही. घरातून तो हद्दपार झाल्यावर, १८ मे १९८८ रोजी, आकाशवाणीचा राष्ट्रीय चॅनेल याच शहरातून सुरू झाला. १५६६ किलोहर्ट्झ, ताकद १००० किलोवॅट. देशाच्या मधोमध असलेल्या नागपुरातून रात्रीच्या मध्यम लहरींनी भारताचा मोठा भाग व्यापायचा, अशी ती कल्पना. इतक्या क्षमतेचे ट्रान्समीटर त्या काळी व्हॉल्व्हवरच चालत, आणि ते व्हॉल्व्ह थंड ठेवायला स्वतंत्र यंत्रणा लागे. लोकांच्या उशाशी ट्रान्झिस्टर, आणि त्यातून येणारा आवाज मात्र नागपूरच्या अजस्र व्हॉल्व्हमधून निघालेला. २०१८च्या अखेरीस हा चॅनेल बंद करण्याचा निर्णय झाला.

व्हॉल्व्ह दिवाणखान्यात परतला तो सीडीनंतर. पुण्याच्या केडन्स कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरबरोबर व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायरही बनवून परदेशी विकले. एलपी पुन्हा महाग झाल्या, चुंबकी कार्ट्रिज सहज मिळू लागलं, चिनी बनावटीचे प्रीअ‍ॅम्प कुरिअरने घरी येऊ लागले. त्यानंतर आली अपग्रेडची हौस, आणि तिच्याबरोबर भाबडेपणाही. नवा डबा आला की पहिलं काम काय, तर त्यातले व्हॉल्व्ह काढून जुने मुलार्ड किंवा टेलिफुंकन घालायचे. आवाजात ‘मखमल’ आली म्हणून मित्रांना फोन करायचे. व्हॉल्व्हगणिक फरक पडतो हे खरं. एखादा मायक्रोफोनिक असतो, टिचकी मारली तर स्पीकरमधून टणत्कार येतो; एखाद्याचे दोन ट्रायोड सारखे नसतात आणि गाणारा एका बाजूला सरकतो. पण बाकीचं सर्किट गळकं असेल तर सोन्याच्या भावाचा व्हॉल्व्हही काही करू शकत नाही.

प्रताप नगरच्या हवेत आणि विजेत कामाचा क्रम वेगळा हवा. आधी वीज. जुना ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला असेल आणि रात्री लोड उतरल्यावर घरात २४०च्या वर दाब येत असेल, तर ६.३ व्होल्टच्या हीटरला सातच्या आसपास मिळतात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. मग पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक, तेही १०५ अंशांच्या दर्जाचे. मग कपलिंग कंडेन्सर, मेणकागदाच्या जागी पॉलिप्रॉपिलीन. जुने कार्बन रेझिस्टन्स काळाबरोबर किमतीने चढतात आणि सूं असा आवाज करतात. त्यांच्या जागी मेटल फिल्म. हीटरला एसीऐवजी गाळलेला डीसी दिला की फोनोची गुणगुण बरीच बसते. आणखी एक मुद्दा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट पाच लाख ओहमच्या घरातला, आजच्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पचा दहा-वीस हजारांचा. ईसीसी ८३च्या प्लेटवरून थेट तार दिली तर त्याला ते ओझं पेलत नाही, आवाज बारीक होतो, खर्ज गळतो. शेवटी एक कॅथोड फॉलोअर, म्हणजे असं ओझं पेलणारी व्हॉल्व्हची पायरी, घातला की काम भागतं. मॅरांट्झने ते १९५८ सालीच करून ठेवलं होतं.

एवढं झाल्यावर व्हॉल्व्हकडे वळावं. पण आता ते मिळणंही सोपं राहिलेलं नाही. जगात असे व्हॉल्व्ह मोठ्या प्रमाणावर बनतात ते स्लोव्हाकियात, रशियातल्या सारातोव्हमध्ये आणि चीनमध्ये. ‘मुलार्ड’ छाप असलेला नवा व्हॉल्व्हही सारातोव्हचाच. इंग्लंडातला मूळ कारखाना केव्हाच थांबला. २०२२च्या युद्धानंतर रशियन मालाची वाट अडखळली आणि भाव चढले. तेव्हा दुर्लक्षित बीईएलकडे लक्ष गेलं. मुलार्डच्या तुलनेत स्वस्त, आवाजाला सरळ, आणि मुख्य म्हणजे देशातल्या बंद पडलेल्या दुकानांच्या फळ्यांवर अजून शिल्लक. विकणाऱ्याकडे व्हॉल्व्ह टेस्टर सहसा नसतो, त्यामुळे घेणारा दोन जास्तच घेतो. घरी आणून पिना साफ करायच्या, आधी फक्त हीटर लावून तापवायचे, मग चालू प्रीअ‍ॅम्पमध्ये एकेक बसवून प्लेटचा दाब मोजायचा आणि कानाने पारखायचा. नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजूला दुकान मांडून बसलेला जुना मेकॅनिकही व्हॉल्व्ह असाच पारखायचा, फक्त त्याच्याकडे मीटर सुईचा होता.